रांगेत थांबलेले तीस इशारे

युनिक्सच्या परंपरेत मौन म्हणजे संमती. आज्ञा टंकित करावी, एंटर दाबावे आणि पडद्यावर काहीही न उमटता पुढची ओळ आली की काम निर्विघ्न पार पडले असे समजावे, हा तिथला पन्नास वर्षांचा संकेत आहे. फाईलची प्रत काढणे, तिचे नाव बदलणे, जुना फोल्डर पुसून टाकणे अशा कामांत तो बिनचूक चालतो, कारण ही कामे त्या यंत्राच्या चार भिंतींत सुरू होतात आणि तिथेच संपतात. सर्व्हरच्या कमांड लाईनवरून ई-मेल पाठवण्याचे काम तसे नाही. ‘मेल’ ही आज्ञा पत्र लिहिते, ते त्याच यंत्रावरच्या टपाल-कार्यक्रमाच्या हाती देते आणि शून्य हा यशाचा निकाल देऊन निघून जाते. शून्याचा अर्थ ‘सुपूर्द केले’ एवढाच. ‘पोहोचले’ हा अर्थ त्याला आपण चिकटवतो.

हा फरक शब्दच्छलासारखा वाटेल. पण आज देशातल्या संशोधन संस्थांमध्ये कित्येक कामे या आज्ञेच्या भरवशावर चालतात. राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ साली सुरू झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘परम’ मालिकेतल्या संगणकांवर गणिते चालवणारे विद्यार्थी स्लर्मच्या कार्यपत्रिकेत ‘काम संपल्यावर मेल पाठव’ अशी एक ओळ घालतात आणि निर्धास्तपणे झोपी जातात. भूकंपमापकाची नोंद थांबली, दुर्बिणीच्या घुमटात आर्द्रता वाढली, रात्रीची प्रतसाठवण अर्धवट राहिली, की कोणालातरी मेल जावा अशी योजना असते. ही योजना लिहिणारा बहुधा एखादा पीएच.डी.चा विद्यार्थी असतो. तो पुढे पदवी घेऊन निघून जातो आणि त्याची आज्ञावली मात्र मागे चालत राहते.

मी बंगळूरमधल्या एका संस्थेत गणनसुविधा सांभाळतो. गेल्या उन्हाळ्यात एका सोमवारी शेजारच्या विभागातली संशोधक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिच्या प्रयोगशाळेशी माझा कामाचा संबंध नव्हता. सर्व्हरचे दुखणे असले की लोक कोणाचे तरी नाव सांगतात, तसे तिला माझे नाव सांगितले गेले होते. आसाम आणि मेघालयातून तीन पावसाळ्यांत गोळा केलेल्या डासांचे नमुने तिने उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवले होते. त्यांतल्या आरएनए रेणूंचा अभ्यास हाच तिचा प्रबंध. आरएनए हा फार नाजूक रेणू. नमुना वितळू लागला की पेशीतलीच विकरे त्याचे तुकडे करू लागतात आणि पुन्हा गोठवून ते तुकडे जुळत नाहीत.

शनिवारी रात्री फ्रीझरचा कॉम्प्रेसर बंद पडला. फ्रीझरला तापमापक जोडलेला, तापमापक एका छोट्या सर्व्हरला, आणि तापमान उणे ७० च्या वर गेले की दर दहा मिनिटांनी इशाऱ्याचा मेल अशी व्यवस्था होती. इशारा आला नाही. पहाटे साडेपाचच्या फेरीत सुरक्षारक्षकाने फ्रीझरचा भोंगा ऐकला, दारावर चिकटवलेल्या कागदावरचा क्रमांक फिरवला आणि सकाळी सातपर्यंत सगळे नमुने दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवले गेले. तोवर आतले तापमान उणे ५८ वर आले होते. नमुने वाचले असावेत, असे तिच्या मार्गदर्शकांचे मत होते. खात्री करायला काही नमुने खर्ची घालून तपासावे लागणार होते. “सर, मी हाताने आज्ञा दिली तर काहीच चूक दाखवत नाही,” ती म्हणाली. तिने तीनदा तसे करून पाहिले होते. तीनही वेळा शून्य.

अशा वेळी पहिला मोह होतो तो आज्ञावली उघडून तिच्यात खुडबूड करण्याचा. त्याआधी पत्राच्या प्रवासाचे टप्पे मनाशी मांडावेत आणि ते कुठवर पोहोचले होते याचा पुरावा प्रत्येक टप्प्यावर मागावा. पहिला टप्पा आज्ञावली. तिची स्वतःची नोंद स्वच्छ होती: २ वाजून १० मिनिटे, मर्यादा ओलांडली, मेल दिला. क्रॉनमधून चालणारी आज्ञावली आणि आपण हाताने चालवलेली तीच आज्ञावली यांना मिळणारी परिस्थिती वेगळी असते. क्रॉनला आज्ञा शोधण्याचा मार्ग फार आखूड मिळतो आणि हाताने चालणारे तिथे अडते, असा अनुभव वारंवार येतो. इथे तो प्रकार नव्हता. दुसरा टप्पा स्थानिक टपाल-कार्यक्रम, म्हणजे या सर्व्हरवर पोस्टफिक्स. वीट्स वेनेमा यांनी तो आयबीएमच्या संशोधन विभागात असताना लिहिला आणि १९९८ मध्ये खुला झाला. त्याला रांग दाखवायला सांगणारी आज्ञा आहे ‘मेलक्यू’. ती दिली आणि पडदा भरून वाहू लागला.

तीस इशारे तिथे ओळीने उभे होते. २ वाजून १० मिनिटांचा, २ वाजून २० मिनिटांचा, असे थेट सकाळी सातपर्यंतचे. प्रत्येकाचा पत्ता बरोबर, मजकूर बरोबर, वेळ बरोबर. प्रत्येकाखाली कंसात तेच कारण: पलीकडच्या यंत्राच्या २५ क्रमांकाच्या पोर्टशी जोडणी होताना वेळ संपली. त्यांच्यामागे तिने हाताने पाठवलेली तीन चाचणीपत्रेही होती. विद्यार्थिनी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. कोणी फसवले नव्हते, काही बिघडलेही नव्हते. यंत्राने आपले काम चोख केले होते आणि दाराशी थांबले होते.

‘वेळ संपली’ आणि ‘जोडणी नाकारली’ या दोन उत्तरांतला भेद विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावा. नकार येतो तेव्हा पलीकडे कोणीतरी जिवंत असते. त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही, एवढे ते यंत्र कळवते. वेळ संपते तेव्हा आपले पाकीट वाटेतच कोणीतरी गिळलेले असते आणि उत्तर देण्याचीही तसदी घेतलेली नसते. फायरवॉल बहुधा असेच वागते. त्याच सर्व्हरवरून वेबसाठीचे ४४३ क्रमांकाचे पोर्ट सुरळीत चालत होते आणि २५ मात्र कोणत्याही ठिकाणाकडे जात नव्हते. म्हणजे नेटवर्क ठीक, पत्ता ठीक. बाहेर पडणारे एक विशिष्ट दार बंद.

दार केव्हा बंद झाले? टपालाच्या लॉगमध्ये चारच आठवड्यांच्या नोंदी होत्या, कारण जुने लॉग आपोआप पुसले जातात. पण एक वही अशी होती की जिला कोणी हात लावला नव्हता: रूटची स्थानिक टपालपेटी. सर्व्हरवर प्रवेश करताना ‘तुमच्यासाठी नवे पत्र आहे’ अशी एक ओळ अनेकांनी पाहिली असेल. ती ओळ वाचून पेटी उघडणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे. पोस्टफिक्स न गेलेले पत्र सुरुवातीला पाच मिनिटांनी, मग अंतर वाढवत तासाभराच्या थोड्या अधिक अवकाशाने पुन्हा पुन्हा पाठवून पाहते. मूळ मांडणीत ही चिकाटी पाच दिवस टिकते, आणि मग ते पत्र कारणासह पाठवणाऱ्याकडे परत येते. पाठवणारा होता त्या यंत्रावरचा रूट. रात्रीच्या प्रतसाठवणीचा अहवाल त्याच वाटेने रोज जात असे, म्हणून पेटीत रोज एक परतीचे पत्र साचत गेले होते. त्यांतले सर्वांत जुने ६ ऑक्टोबरचे. पाच दिवस वजा केले की १ ऑक्टोबर. त्याच सुमारास संस्थेच्या जाळ्यातून बाहेर जाणारे पोर्ट २५ बंद करण्यात आले होते, हे पुढे विचारपूस केल्यावर कळले. जवळजवळ सात महिने तो सर्व्हर रोज लेखी कळवत होता की माझी पत्रे जात नाहीत, आणि ती तक्रार त्याच न जाणाऱ्या टपालाच्या पेटीत पडत होती.

पाच दिवसांची ही चिकाटी आज अतिरेकी वाटते. तिचे मूळ समजण्यासाठी त्या काळात जावे लागते. जॉन पोस्टेल यांनी पत्रवहनाची नियमावली ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा यंत्रे सदासर्वकाळ एकमेकांना जोडलेली असतील असे गृहीतच धरता येत नव्हते. आपल्याकडे १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि खुद्द तो विभाग असे आठ सहभागी होते. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात आरंभी ई-मेल जाई तो साध्या दूरध्वनीच्या तारेवरून, एका यंत्राने दुसऱ्याला क्रमांक फिरवून. तार लागली नाही तर पत्र थांबायचे आणि पुढच्या फेरीला जायचे. आज ज्या रांगेत तीस इशारे अडकले ती रांग अशा तारांसाठी जन्मली. प्रबंधाचे प्रकरण पोहोचायला दोन दिवस लागले तरी चालत असे. वितळणाऱ्या नमुन्यांची बातमी दोन दिवसांनी पोहोचून काय उपयोग?

आणि पोर्ट २५ का बंद करतात, तेही सांगायला हवे, कारण बंद करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. १९८२ची नियमावली विश्वासावर उभी आहे. पलीकडचे यंत्र आपले नाव सांगते, पाठवणाऱ्याचा पत्ता सांगते, घेणाऱ्याचा सांगते, मग मजकूर; शेवटी एका ओळीवर नुसता एक पूर्णविराम. घेणाऱ्याने त्यावर ‘२५०’ म्हटले की पत्राची जबाबदारी त्याच्याकडे गेली. पोचवावे, नाहीतर न पोचल्याचे कळवावे. हे कलम मला आजही फार सुंदर वाटते. पण सांगितलेले नाव खरे आहे का, हे विचारण्याची सोय मुळात नव्हती. १९७८ मध्येच डीईसी कंपनीच्या एका विक्रेत्याने आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा जाहिरात धाडून पुढच्या संकटाची चुणूक दाखवली होती. नंतर विषाणूंनी पछाडलेले लाखो घरगुती संगणक परस्पर पोर्ट २५ वरून कचरापत्रे ओतू लागले. तेव्हा कोणत्याही यंत्राने थेट जगाशी पत्रव्यवहार करू नये, ओळख पटवून एका मान्य टपालघरातूनच तो करावा, असा दंडक रूढ झाला. त्यासाठी ५८७ क्रमांकाचे वेगळे पोर्ट आहे. क्लाउड सेवांमध्येही बाहेर जाणारे २५ बहुधा सुरुवातीपासूनच बंद असते. गूगल क्लाउडवरही ते सहसा बंदच असते.

उपाय त्यामुळे ठरलेला होता: पोस्टफिक्सला सांगायचे की तू स्वतः कोणाचे दार ठोठावू नकोस, सगळे टपाल ५८७ वरून संस्थेच्या टपालघराकडे दे. यजमानाचे नाव चौकटी कंसात लिहायचे, नाहीतर पोस्टफिक्स त्या नावाच्या टपाल-नोंदी शोधत भलतीकडे जाते. परवलीचा शब्द वेगळ्या फाईलमध्ये, ती फाईल फक्त रूटला वाचता येईल अशी, आणि तिच्यात बदल केल्यावर ‘पोस्टमॅप’ चालवून तिचा तक्ता नव्याने बनवायचा. या शेवटच्या पायरीवर किती दुपारी खर्ची पडल्या असतील याची गणती नाही. वाक्य बरोबर दिसते, शब्द बरोबर दिसतो, आणि यंत्र मात्र जुनाच तक्ता वाचत बसते.

पुढचे उत्तर आले ५३५: ओळख पटली नाही. संस्थेच्या खात्यांना दोन टप्प्यांची ओळख लागू झाली होती आणि यंत्राला दुसरा टप्पा पार करता येत नाही. त्याच्या हाती मोबाईल नसतो. अशांसाठी वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो. व्यक्तिगत जीमेल खात्यांवर नुसत्या नेहमीच्या पासवर्डने असा प्रवेश ३० मे २०२२ पासून थांबला, त्यामुळे जुन्या लेखांतले धडे गिरवणारे अनेकजण इथेच अडखळतात. तो टप्पा ओलांडल्यावर ५५३. ‘रूट’ या नावाने आणि यंत्राच्या अंतर्गत पत्त्याने निघालेले पत्र टपालघराला मान्य नव्हते, आणि ते योग्यच होते. खाते एकाचे आणि सही दुसऱ्याची. पाठवणाऱ्याचा पत्ता बाहेर पडताना बदलण्याचा तक्ता दिला, तेव्हा कुठे २५० मिळाले. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नाही, पुन्हा या’ आणि पाचने सुरू होणारा म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’. एवढे लक्षात ठेवले की लॉग वाचायची भीती निम्मी सरते.

२५० मिळाल्यावर रांग हलवण्याची आज्ञा दिली. तीस इशारे आणि तीन चाचणीपत्रे मिनिटाच्या आत निघून गेली. विद्यार्थिनीचा मोबाईल टेबलावर थरथरू लागला आणि थांबेचना. उणे ६९, उणे ६८, उणे ६८, उणे ६७. प्रत्येक पत्राच्या शीर्षकात तारीख शनिवारच्या रात्रीची, म्हणजे लिहिले तेव्हाची. आणि वाटेतल्या यंत्रांनी मारलेले शिक्के मंगळवार दुपारचे. तिने ती पत्रे पुसली नाहीत. फ्रीझर किती वेगाने तापतो याचे तिच्याकडे आता तीस बिंदूंचे मोजमाप होते, आणि ते तिने नमुन्यांच्या तपासणीच्या अहवालाला जोडले.

तरीही तिच्या खाजगी खात्यात यातले एकही पत्र समोर दिसेना. संस्थेच्या पत्त्यावर आलेला मेल ती स्वतःच्या दुसऱ्या खात्याकडे वळवत असे. तिथे सगळे कचरापेटीत पडले होते. मघाच्या ‘नाव खरे आहे का’ या प्रश्नाला जगाने नंतर जी उत्तरे शोधली त्यांचा हा परिणाम. एसपीएफ ही डोमेनच्या मालकाने जाहीर केलेली यादी: माझ्या नावाने टपाल टाकायला एवढीच यंत्रे अधिकृत. डीकिम ही पत्रावरची गणिती मोहोर. मजकूर बदलला तर ती तुटते. आणि डीमार्क सांगते की या कसोट्यांत न उतरलेल्या पत्राचे काय करावे. मेल वळवला की तो वळवणाऱ्या यंत्राकडून येतो, आणि ते यंत्र मूळ डोमेनच्या यादीत नसते. एसपीएफ तिथेच मोडते. डीकिमची मोहोर टिकली असती, पण या उपविभागाच्या डोमेनसाठी मोहोर कधी लावलीच जात नव्हती. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने, विशेषतः दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी, हे नियम कडक केले. एका प्रयोगशाळेची तीस पत्रे त्या संख्येच्या जवळपासही नाहीत, तरी संशयाची हवा सगळ्यांनाच लागते. मोहोर सुरू व्हायला अर्ज, आठवण आणि तीन आठवडे लागले. तोवर वळवण्याऐवजी तिचा दुसरा पत्ता थेट यादीत घातला.

जाता जाता एक गंमत. रात्रपाळीच्या माणसांना पटकन कळावे म्हणून तिने विषयाच्या ओळीत हिंदीत ‘तापमान’ हा शब्द घातला होता आणि एका जुन्या फोनवर तिथे निरर्थक अक्षरांची माळ दिसत होती. पत्राची शीर्षके मूळ नियमांनुसार सात बिटांच्या रोमन अक्षरांतच असावी लागतात. देवनागरीचे प्रत्येक वर्ण-चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि ते वेष्टनात गुंडाळूनच पाठवावे लागते. ते वेष्टन आज्ञावलीत नव्हते. चार ओळींचे काम, पण चाळीस वर्षांपूर्वी नियम लिहिताना आपली लिपी कोणाच्या गावीही नव्हती, हे अशा वेळी जाणवते.

एवढे सगळे दुरुस्त झाल्यावरही माझे समाधान झाले नव्हते, कारण मूळ योजनेतच एक छिद्र होते. बिघाड झाला तर पत्र, एरवी शांतता, अशी ती योजना. मग शांततेचे दोन अर्थ होतात: सगळे ठीक आहे, किंवा सांगणाराच मेला आहे. हे दोन अर्थ घेणाऱ्याला वेगळे करता येत नाहीत, म्हणून योजना उलटी केली. आता तो सर्व्हर रोज सकाळी नऊ वाजता ‘उणे ८०, सर्व ठीक’ असे एक पत्र पाठवतो. माणसे रोजच्या पत्राला सरावतात आणि ते न आल्याचे त्यांच्या लक्षातही येत नाही, म्हणून ती मोजदाद दुसऱ्या इमारतीतल्या एका वेगळ्या यंत्राकडे सोपवली आहे. साडेनऊपर्यंत पत्र दिसले नाही की ते यंत्र आपल्या स्वतंत्र वाटेने बोंब ठोकते. रूटचे टपालही आता स्थानिक पेटीत न साचता दोन माणसांच्या नावे जाते. उपनावांच्या फाईलमध्ये एक ओळ, आणि नंतर ‘न्यूअलायसेस’ ही आज्ञा.

तपासलेल्या नमुन्यांतला आरएनए बहुतांश शाबूत निघाला. दोन डब्या दाराजवळच्या वरच्या कप्प्यात होत्या, त्या मात्र गेल्या. त्या मेघालयातल्या दुसऱ्या पावसाळ्याच्या होत्या आणि त्या वर्षीची ती ठिकाणे आता प्रबंधात नसतील. फ्रीझरला थेट सिमकार्डवरून फोन लावणारे एक छोटे उपकरण जोडावे, असा प्रस्ताव तिने त्याच आठवड्यात दिला. किंमत फार नाही. खरेदीची फाईल अजून लेखा विभागात आहे, आणि तोवर फ्रीझरच्या दारावरच्या कागदावर सुरक्षारक्षकासाठी तीन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत.